कोकणात कुत्रा-मांजर पाळताना डॉक्टर कुठे शोधायचा आणि पैसे किती ठेवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. गुहागर तालुक्यात आमची वाडी आहे, घरात दोन गावठी कुत्रे आणि नेमकी किती ते सांगता न येणारी मांजरं आहेत. गेली बारा वर्षं या मंडळींवर झालेला खर्च मी एका वहीत लिहितो. सवय वडिलांची, ते आंब्याच्या पेट्यांचा हिशोब असाच ठेवायचे. त्या वहीमुळेच असेल, पंचक्रोशीत कुणाचं कुत्रं लंगडलं की पहिला फोन मला येतो. फोनवर जे पुन्हा पुन्हा सांगतो ते इथे लिहिलंय. आकडे माझ्या वहीतले आणि आमच्या भागातले आहेत. अलिबागला किंवा सावंतवाडीला थोडे वेगळे निघतील.

आमच्या गावाजवळ जनावरांचा डॉक्टर आहे की नाही, हे कळायचं कसं?

मोबाइलवर शोधू नका, निदान आधी तरी नको. नकाशावर चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ दिसेल, पण तुमच्या शेजारच्या गावातला गुरांचा दवाखाना दिसेलच असं नाही. दूध डेअरीत विचारा. ज्याच्या गोठ्यात म्हैस आहे त्याला डॉक्टरांचा नंबर तोंडपाठ असतो, शिवाय ते फोन उचलतात की नाही, हेही तो सांगतो. मग ग्रामपंचायतीत विचारा. तिसरं ठिकाण म्हणजे तालुक्याच्या गावातलं मेडिकल. जनावरांची औषधं ठेवणारं एखादं दुकान असतंच, आणि कुठल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात हे त्या काउंटरवरच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

आणि हे कुत्रं धडधाकट असताना करा. रात्री अकराला ते ओकायला लागल्यावर डेअरी बंद असते.

सरकारी दवाखान्यात कुत्री-मांजरं बघतात का?

बघतात. पाटी 'पशुवैद्यकीय दवाखाना' अशी असते, लोक 'गुरांचा दवाखाना' म्हणतात, म्हणून कुत्रं न्यायला संकोच वाटतो इतकंच. केसपेपरचे नाममात्र पैसे पडतात. रेबीजची लस, जंताचं औषध, जखमेचं ड्रेसिंग, ताप, जुलाब एवढं तिथे होतं. लस शिल्लक आहे का, हे आधी फोन करून विचारा, कारण नसली तर ती बाहेरून आणायला सांगतात.

पाटीवर श्रेणी लिहिलेली असते. श्रेणी १ ही पशुधन विकास अधिकाऱ्याची, म्हणजे पदवीधर डॉक्टरची जागा. श्रेणी २ लिहिलं असेल तिथे सहसा पशुधन पर्यवेक्षक भेटतात. किरकोळ कामाला तेही चालतं. तालुक्याला लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि जिल्ह्याला मोठं सर्वचिकित्सालय अशी वरची पायरी आहे.

एक मात्र समजून घ्या. एका डॉक्टरकडे दहा-पंधरा गावं असतात. ते सकाळी एखाद्या गाभण गाईसाठी सड्यावर गेले तर दुपारपर्यंत परतत नाहीत, आणि तिथे रेंजही नसते. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांना शिव्या घालणारे मी पाहिलेत. पहिल्या वर्षी मीही घातल्या होत्या.

१९६२ या नंबरवर फोन केला तर गाडी येते का?

१९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. पथकाचं मुख्य काम गुराढोरांचं, आडगावातलं. कुत्र्यासाठीही फोन करून विचारायला हरकत नाही, पण तातडीच्या वेळी त्या एकाच नंबरवर विसंबू नका.

घरी येऊन इंजेक्शन देणारा माणूस खरा डॉक्टर आहे, हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे गाईला कृत्रिम रेतन करायला येणाऱ्यापासून दवाखान्यातल्या शिपायापर्यंत सगळेच 'डॉक्टर' असतात. त्यांतले काही हाताला चांगले आहेत, नाही म्हणणार नाही. पण भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ प्रमाणे उपचार करायचा हक्क नोंदणी झालेल्या पशुवैद्यकालाच आहे. नोंदणी नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत होते आणि तिचा एक नंबर असतो. तो चिठ्ठीवर, शिक्क्यात छापलेला दिसतो. दिसला नाही तर सरळ विचारा, "डॉक्टर, लसीकरणाच्या पुस्तकात तुमचा नोंदणी क्रमांक टाकाल ना?" खऱ्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

खाजगी डॉक्टर ठरवताना काय विचारायचं?

फी शेवटी विचारा. आधी विचारा, रात्री फोन उचलता का? तुम्ही गावाला गेलात तर तुमचे पेशंट कोण बघतं? सापाच्या विषावरची लस ठेवता का? एक्स-रे, रक्ततपासणी इथे होते की बाहेर पाठवता? घरी येता का, आणि गाडीचे किती घेता?

पहिली भेट कुत्रं बरं असतानाच ठरवा. वजन करून घ्या, पुस्तक काढून घ्या. आमच्याकडे तपासणी फी २०० ते ४००, घरी आल्यास ५०० पासून पुढे अंतराप्रमाणे. ज्या डॉक्टरने तुमच्या कुत्र्याला एकदा हात लावलाय, त्याला रात्री फोनवर "डॉक्टर, आमचा वाघ्या" एवढं म्हटलं तरी पुरतं.

मोठं ऑपरेशन असेल तर कुठे जायचं?

दक्षिण सिंधुदुर्गातले लोक गोव्याला नाहीतर बेळगाव-कोल्हापूरला जातात, रत्नागिरीकर आंबा घाटाने कोल्हापूर गाठतात, आम्ही चिपळूणला नाही जमलं तर कुंभार्ली चढून कराड-सातारा-पुणे. रायगडवाल्यांना पनवेल-मुंबई सोयीची. पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आपल्याला दोन जवळ पडतात. एक परळचं, १८८६ पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, जिथल्या रुग्णालयाला जुने मुंबईकर अजून 'बैलघोडा' म्हणतात. दुसरं सातारा जिल्ह्यातलं शिरवळ. दापोलीचं नाव मला हमखास विचारलं जातं. पण ते कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे येतो.

पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का ते बघा. जुलैत दरड पडून रस्ता बंद झाला की सगळं नियोजन ढगात. ज्या ऑपरेशनला तारीख देता येते ते दिवाळीनंतर ठेवा.

वर्षाला खर्च किती धरायचा?

गावठी, धडधाकट, मोठा कुत्रा असेल तर डॉक्टर आणि औषधं मिळून माझ्या वहीत गेल्या तीन वर्षांची सरासरी साडेचार हजारांच्या आसपास येते. रेबीजची लस फीसकट ३०० ते ५००. 'नाइन इन वन' म्हणतात ती एकत्रित लस ७०० ते १०००. जंताची गोळी दर तीन महिन्यांनी. बाकीचा मोठा वाटा गोचिडांचा. पावसाळा आणि त्याच्या मागचापुढचा काळ धरून सात-आठ महिने औषध लागतंच.

पिल्लाचं पहिलं वर्ष महाग. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की एकत्रित लस सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालते. रेबीज तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, मग दरवर्षी. हे चुकवून पैसे वाचवायला गेलात तर पार्व्हो (पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) झाल्यावर चार-पाच दिवस सलाइन लावत बसावं लागतं, त्यात सहा-आठ हजार सहज जातात आणि पिल्लू हाती लागेलच असं नाही.

खाण्याचा खर्च मी धरलेला नाही. आमच्याकडे भात, अंडं, उकडलेल्या माशाचा काटे काढलेला लगदा. सुकं मीठ लावलेलं मासळीचं डोकं देऊ नका, कांदा-लसणाचं कालवणही नको.

मेडिकलमधून लस आणून घरीच टोचली तर पैसे वाचतील?

शंभर-दोनशे वाचतील. पण लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. आमच्याकडे जूनमध्ये वारं सुटलं की वीज जाते ती कधीकधी दोन दिवसांनी येते. त्या काळात फ्रीजमध्ये पडलेली कुपी आणि साधं पाणी यांत मी फरक करणार नाही. दुकानात इन्व्हर्टर आहे का, कोण विचारतं! शिवाय कुपीवरचं स्टिकर आणि डॉक्टरची सही पुस्तकात नसेल, तर उद्या कुत्रं कुणाला चावल्यावर तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

पैसे वाचवायचे तर दुसरी युक्ती आहे. वाडीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक रविवार ठरवावा आणि डॉक्टरांना बोलवावं. ते बर्फाच्या डब्यात लसी घेऊन येतात, गाडीखर्च सगळ्यांत वाटला जातो. आमच्याकडे तीन वर्षं हे चाललंय, देवळासमोरच्या पारावर. पहिल्या वर्षी चार कुत्री आली होती. गेल्या वर्षी एकवीस, आणि टोपलीखाली झाकून आणलेली पाच मांजरं. ६ जुलैला जागतिक प्राणिजन्य रोग दिन असतो, त्या सुमारास बऱ्याच सरकारी दवाखान्यांत रेबीजची लस मोफत देतात. तेही विचारून ठेवा.

पावसाळ्यात खर्च एवढा का वाढतो?

एक, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मुतातून चिखलात, भातखाचरात जंतू येतात, आणि आपली कुत्री दिवसभर त्यातच. ताप, उलट्या, डोळे पिवळे, लघवी कमी. हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. एकत्रित लसीत लेप्टोचा भाग असतो. मी ती मे महिन्यातच उरकतो. लस घेतली म्हणून शंभर टक्के निर्धास्त राहता येत नाही, कारण लेप्टोचे प्रकार अनेक आहेत. हा आजार माणसालाही होतो, म्हणून आजारी कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला.

दोन, गोचीड. गोचीडतापात कुत्रं आधी जेवण सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, मग नाकातून रक्त. रक्ततपासणीचे पाचशे रुपये वाचवण्यासाठी लोक आठवडा घालवतात आणि मग दुप्पट-तिप्पट भरतात. दोडामार्ग-बांदा भागात माणसांना होणारा माकडतापही गोचिडांतूनच पसरतो, तेव्हा तिकडच्यांनी कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड उघड्या हातांनी चिरडू नयेत. आणि कुत्र्यासाठीचं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. परमेथ्रीन असलेलं औषध मांजराच्या जिवावर बेततं.

बेडूक तोंडात धरून फेस आला तर घाबरून जाऊ नका. तोंड खाली धरून पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. तरी झटके आले तर मात्र पळा. किनाऱ्यावर फिरवत असाल तर जाळ्यातून टाकून दिलेल्या केंड माशापासून लांब ठेवा, तो विषारी असतो.

साप चावला तर?

हे सविस्तर सांगतो, कारण माझ्या वहीतलं सगळ्यात महाग पान तेच आहे.

ऑक्टोबरमधली रात्र, भात कापणीला आलेलं. आमचा बंड्या पडवीतून भुंकत गडग्याकडे गेला आणि एकदम केकाटला. बॅटरी मारली तर फुरसं, वीतभरापेक्षा थोडं मोठं, अंग घासत खरखर आवाज करत बसलेलं. दहा मिनिटांत बंड्याचं तोंड एका बाजूने नारळासारखं सुजलं. माझ्याकडे डॉक्टरांचा एकच नंबर होता, आणि ते लग्नाला पुण्याला गेलेले. दुसरा नंबर मिळवण्यात पाऊण तास गेला. मग शेजाऱ्याच्या गाडीने चिपळूण, पंचेचाळीस किलोमीटर.

तिथे डॉक्टरांनी पायातून थोडं रक्त काढून एका कोरड्या काचेच्या कुपीत घेतलं, टेबलावर सरळ उभं केलं आणि घड्याळ बघितलं. म्हणाले, हिला वीस मिनिटं हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी कुपी कलती केली. रक्त गोठून बसायला हवं होतं, ते चहासारखं वाहत गेलं. विष रक्तात भिनल्याची ती खूण. मग सापाची लस सुरू केली. आपल्याकडे मिळते ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, माणसाला देतात तीच.

वहीतलं पान असं आहे: लशीच्या तीन कुप्या २,२५०. फी, सलाइन, इतर औषधं १,८००. त्या रात्रीची गाडी २,५००. पुढे दोन दिवस ड्रेसिंगला नेणं-आणणं २,८००. एकूण ९,३५०. बेरीज करताना दिसलं की औषधाला ४,०५० आणि गाडीला ५,३०० गेले होते. तेव्हापासून मी खर्चाचा अंदाज देताना आधी विचारतो, तुमचं घर दवाखान्यापासून किती लांब आहे?

आता माझ्या दाराच्या मागे तीन डॉक्टरांचे नंबर आणि दोन गाडीवाल्यांचे नंबर चिकटवलेत. गाडीवाल्यांना आधीच विचारलंय, रक्ताळलेलं कुत्रं घ्याल का, कारण सगळे घेत नाहीत. साप चावल्यावर आवळपट्टी बांधू नका, ब्लेड मारू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. निघतानाच फोन करून लस आहे का विचारा. नसली तर डॉक्टर वाटेतल्या मेडिकलमधून आणायला सांगतील.

बंड्या वाचला. ओठाचा एक कोपरा गेला, त्यामुळे तो कायम हसतोय असं वाटतं.

पैसे बाजूला ठेवायचे कसे? विमा मिळतो का?

कुत्र्यांचा विमा देणाऱ्या कंपन्या देशात आहेत. वयाची अट असते, लसीकरणाचं पुस्तक मागतात, आणि जुना आजार धरत नाहीत. महागड्या जातीचा कुत्रा असेल तर चौकशी करा. दावा करताना पक्की बिलं लागतात, आणि आमच्याकडे अर्धा व्यवहार वहीच्या फाडलेल्या पानावर होतो, ही अडचण आहे.

मी स्वतः महिन्याला ५०० वेगळ्या बचत खात्यात टाकतो. काहीजण पोस्टात आरडी काढतात, पण ती पाच वर्षांची असते आणि रात्री साडेअकराला पोस्ट उघडं नसतं. तीन हजार रोख मात्र घरात हवेत, पुस्तकासोबत एकाच डब्यात. पावसात नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत.

मादीचं ऑपरेशन करून घ्यावं का? महाग पडतं म्हणतात.

करून घ्या. खाजगीत आमच्याकडे ५ ते ८ हजार सांगतात, नराचं त्याहून कमी. जास्त वाटतं ना? वर्षाला दोनदा पाच-सहा पिल्लं, ती कुणाला द्यायची हा घोर, आणि वय झाल्यावर गर्भाशयात पू झाला तर तेच ऑपरेशन तातडीने, दुप्पट पैशांत आणि जिवावरचं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात करतात का ते आधी विचारा. काही ठिकाणी डॉक्टर हौसेने करतात, काही ठिकाणी सामानच नसतं.

हस्की घेऊ का?

नको.

बरं, कारण सांगतो. जाड केसांच्या कुत्र्याला आपल्या दमट हवेत उन्हाळाभर धाप आणि पावसाळाभर कातडीचे रोग. गावठी पिल्लू फुकट मिळतं, हवेला सरावलेलं असतं.

घरातली क्रोसिन दिली तर चालेल?

नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि मांजराला त्याची अर्धी गोळीसुद्धा मारू शकते. कुत्र्याला आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लाम देऊ नका. जखम असेल तर ती स्वच्छ पाण्याने धुवा आणि फोन करा. मोहोराच्या दिवसांत बागेत फवारणी असते. कुत्रं लाळ गाळत थरथरायला लागलं तर औषधाच्या बाटलीचं लेबल किंवा फोटो सोबत न्या. उंदराच्या औषधाचंही तसंच. नाव कळलं की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

आम्ही मुंबईला असतो, कुत्रा गावी आहे. काय करावं?

मे महिन्यात पोरांसाठी पिल्लू आणायचं आणि गणपतीनंतर घराला कुलूप लावून जायचं, हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. ज्याच्या भरवशावर ठेवता त्याच्याकडे पुस्तक, डॉक्टरांचा नंबर आणि निदान पाच हजार ठेवा. नुसतं "काही लागलं तर कळव, पाठवतो" म्हटलं की शेजारी संकोचाने कळवत नाही. रात्री कुत्रं घरात घ्यायला सांगा. अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट.

मुंबईला न्यायचं ठरलं तर रेल्वेत कुत्र्याची नोंदणी पार्सल ऑफिसात करावी लागते. पहिल्या वर्गाच्या एसीत पूर्ण कूपे तुमचा असेल तर सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. लसीचे आणि तब्येतीचे दाखले जवळ ठेवा.

पूर आला तर?

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी पहिल्या मजल्यावर गेलं, तेव्हा बांधलेली जनावरं जागीच गेली. पाणी चढायला लागलं की सगळ्यात आधी साखळी सोडा. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि त्याचा फोटो मुंबईच्या कुणा नातेवाईकाला पाठवून ठेवा.

कुत्रं माणसाला चावलं तर?

जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मिरची-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी माणसांचा सरकारी दवाखाना गाठा. लस तिथे मोफत मिळते. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी जा. रेबीज झाल्यावर औषध नाही.

कुत्रा गेला तर काय करायचं?

आपल्या जागेत पुरता येतं. विहिरीपासून आणि पऱ्ह्यापासून लांब, चार फूट तरी खोल, नाहीतर कोल्हे उकरतात. पिसाळल्याचा संशय असेल तर उघड्या हाताने उचलू नका, आधी डॉक्टरांना कळवा. आमच्याकडे दीड फुटाखाली कातळ लागतो, त्यामुळे गडी सांगावा लागतो. गेल्या चैत्रात म्हातारी चिंगी गेली तेव्हा त्याने पहार घेऊन अर्धा दिवस खणलं आणि सहाशे घेतले. वहीत तिच्या नावापुढे शेवटचा आकडा तोच आहे.